लोखंडाचे नॅनोकण आणि बोअरचं पाणी: काय निघतं, काय निघत नाही

परीक्षानळी
विभाग: विज्ञान आणि पर्यावरण

माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने एक माहितीपत्रक पाठवलं. तो नागपुरात हिंगणा रोडच्या एका ले-आउटमध्ये राहतो, घरी बोअर आहे. पत्रकात ‘नॅनो आयर्न’ कार्ट्रिजची जाहिरात होती. नायट्रेट, फ्लोराइड, क्रोमियम, आर्सेनिक, कीटकनाशकं, सगळं एकाच नळकांड्यात निघून जातं असा दावा. “मॅडम, घेऊ का?” असं त्याने विचारलंय. असंच पत्रक आणखी कुणाकडे आलं असेल, म्हणून उत्तर इथेच सविस्तर लिहिते.

आधी एक गोष्ट स्पष्ट करते. लोखंडाच्या नॅनोकणांनी पाण्यातले काही विषारी घटक नष्ट किंवा निरुपद्रवी होतात, हे खरं आहे. पंचवीसएक वर्षांचं काम त्यामागे आहे. खोटा आहे तो ‘सगळं’ हा शब्द.

लोखंड गंजतं म्हणजे काय होतं? ते स्वतःचे इलेक्ट्रॉन दुसऱ्याला देतं. हवेत किंवा ओलाव्यात ते ऑक्सिजनला देतं. पण शेजारी ऑक्सिजनऐवजी इलेक्ट्रॉन ओढून घेणारा दुसरा पदार्थ असला, तर त्यालाही देतं. आपल्याला एवढंच पाहायचं असतं की इलेक्ट्रॉन मिळाल्यावर तो पदार्थ सुधारतो, बिघडतो, की जसाच्या तसा राहतो.

क्रोमियम सुधारतं. प्लेटिंग, चामडं, रंग या धंद्यांतून येणारं सहा संयुजेचं, म्हणजे हेक्झाव्हॅलंट क्रोमियम पाण्यात सहज विरघळतं, जमिनीत लांबवर पसरतं आणि कर्करोगकारक आहे. लोखंडाकडून तीन इलेक्ट्रॉन मिळाले की त्याचं तीन संयुजेचं क्रोमियम होतं. ते लोखंडाच्याच हायड्रॉक्साइडबरोबर साक्याच्या रूपात खाली बसतं. ट्रायक्लोरोइथिलीन, म्हणजे धातूवरचं ग्रीस काढायला वापरतात ते द्रावक, तेही सुधारतं. त्यातले क्लोरीन एकेक करून सुटतात आणि शेवटी इथिलीन, इथेन असे साधे वायू उरतात.

मग नॅनो कशाला? साधा लोखंडाचा कीस का नाही? कारण हे सगळं पृष्ठभागावरच घडतं, आतलं लोखंड वाट बघत बसतं. हिशेब सोपा आहे. ०.१ मिलिमीटर व्यासाच्या गोल कणांचं एक ग्रॅम लोखंड घेतलं तर एकूण पृष्ठभाग सुमारे ७६ चौरस सेंटिमीटर भरतो, तळहाताएवढा. तेच एक ग्रॅम ५० नॅनोमीटरच्या कणांत असलं (नॅनोमीटर म्हणजे मिलिमीटरचा दहा लाखावा भाग) तर सुमारे १५ चौरस मीटर, म्हणजे दहा बाय सोळाच्या खोलीची फरशी. दोन हजार पट फरक. म्हणून जे काम कीस आठवडे घालवून करेल ते नॅनोकण तासांत करतात.

थोडा इतिहास. कॅनडातल्या वॉटर्लू विद्यापीठात रॉबर्ट गिलहॅम यांच्या गटाने आधी साध्या दाणेदार लोखंडाची भिंत जमिनीत उभी करून पाहिली. १९९१ मध्ये बोर्डन इथल्या लष्करी तळावर ती बसवली, भूजल तिच्यातून वाहत गेलं आणि ट्रायक्लोरोइथिलीन सुमारे ९० टक्के कमी झालं. १९९६ मध्ये अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या एलिझाबेथ सिटी इथे तटरक्षक दलाच्या जागेवर अशीच भिंत घातली. तिथे तर प्रश्न क्रोमियम प्लेटिंगच्या जुन्या शॉपचाच होता. ४६ मीटर लांब, सात मीटरहून थोडी खोल आणि ०.६ मीटर रुंद. पंप नाही, वीज नाही, पाणी आपल्या गतीने भिंतीतून जातं आणि पलीकडे क्रोमियमविना निघतं.

नॅनोकणांची वाट लीहाय विद्यापीठातल्या वेई-श्यान झांग यांनी १९९७ च्या सुमारास मोकळी केली. २००० मध्ये न्यू जर्सीतल्या ट्रेंटन इथे त्यांनी पॅलेडियम या धातूचा हात दिलेले लोहाचे नॅनोकण, जेमतेम १.७ किलो, दोन दिवसांत जमिनीत सोडले. ट्रायक्लोरोइथिलीन ९६ टक्क्यांपर्यंत खाली आलं. भिंतीसाठी चर खणावा लागतो, हे कण मात्र बोअरमधून गाळासारखे आत सोडता येतात. जिथे वर इमारत उभी आहे किंवा प्रदूषण खोल आहे तिथे हा मोठा फायदा आहे.

हे सगळे प्रयोग जमिनीच्या पोटात झाले, हे लक्षात घ्या. घरच्या टाकीवर नाही. का ते विचारलंत तर खाली लिहीन.

---

धरमपेठी

वा, नीट समजलं. आता विचारतोच. जमिनीत चालतं तर टाकीवर का नाही? पाणी तेच, लोखंड तेच.

---

परीक्षानळी

@धरमपेठी, पाणी तेच राहत नाही. बोअरमधून वर आलं, टाकीत पडलं, हवेशी खेळलं की त्यात ऑक्सिजन मिसळतो. ३० अंश तापमानाला लिटरमागे साधारण साडेसात मिलिग्रॅम. हा ऑक्सिजन आधी लोखंडावर तुटून पडतो. साडेसात मिलिग्रॅम ऑक्सिजनसाठी जवळपास २६ मिलिग्रॅम लोखंड खर्ची पडतं. ५०० लिटरच्या टाकीमागे १३ ग्रॅम लोखंड निव्वळ हवेपायी गंजलं, आणि आपल्या विषाला अजून हातही लागलेला नाही. खोल भूजलात ऑक्सिजन कमी असतो, म्हणून तिथे लोखंड कामाच्या पदार्थासाठी शिल्लक राहतं.

आता नायट्रेट बघू, कारण आपल्या जिल्ह्यात खरा त्रास त्याचाच आहे. संत्र्याच्या बागा, कापूस, युरियाचा मारा, गावातली शोषखड्ड्यांची आणि गोठ्यांची घाण, सगळं झिरपून विहिरींत जातं. भारतीय मानकाची मर्यादा ४५ मिलिग्रॅम प्रतिलिटर. समजा तुमच्या बोअरमध्ये १०० आहे. लोखंडाने ते ‘काढायचं’ तर एका नायट्रेटला लोखंडाचे चार अणू लागतात, म्हणजे लिटरमागे ३६० मिलिग्रॅम लोखंड, ५०० लिटरला १८० ग्रॅम. रोज एक टाकी लागत असेल तर रोज १८०. हातभर नळकांड्यात असं किती लोखंड मावेल?

पण त्याहून वाईट गोष्ट पुढे आहे. त्या नायट्रेटचा नायट्रोजन वायू होऊन उडून गेला असता तर आनंद होता. साध्या लोहकणांनी बहुतेक भाग अमोनियात जातो. १०० मिलिग्रॅम नायट्रेटचं २९ मिलिग्रॅम अमोनियम. पिण्याच्या पाण्यात अमोनियाची मर्यादा नायट्रोजनच्या हिशेबात ०.५ मिलिग्रॅम आहे, आणि इथे ती बावीसच्या पुढे जाते. नायट्रेटचा आकडा कमी झालेला दाखवून कुणी तुम्हाला पटवत असेल तर त्याला अमोनिया मोजून दाखवायला सांगा.

फ्लोराइडबद्दल तर विषयच संपतो. फ्लोराइडला इलेक्ट्रॉन नकोच असतो, तो आधीच घेऊन बसलेला असतो. लोखंडाच्या गंजावर थोडं फ्लोराइड चिकटतं, पण त्या भरवशावर लहान मुलांचे दात आणि म्हाताऱ्यांची हाडं ठेवायची नाहीत.

---

नाना_हिंगणेवाले

ताई, आमच्या ले-आउटमधे बी तो माणूस येऊन गेला. त्यानं काय केलं माहीत आहे का, दोन ग्लास भरले, एकात बोअरचं पाणी अन् एकात त्याच्या मशीनचं. दोघांतही एक यंत्र बुडवलं, त्याले खाली चार कांड्या होत्या, अन् बटण दाबलं. दोन मिनिटांत आमचं पाणी हिरवं-काळं झालं, वर फेस आला, खाली गाळ बसला. त्याचं पाणी जसंच्या तसं. बायामाणसं घाबरून गेली ना जी. “हे विष तुम्ही रोज पिऊन राहिले” म्हणाला. चार घरांनी जागेवरच पैसे देले. आता सांगा, तो गाळ आला कुठून?

---

परीक्षानळी

नाना, तो गाळ तुमच्या पाण्यातून आलेला नाही, त्या कांड्यांतून आला. त्यातल्या दोन लोखंडाच्या असतात आणि दोन ॲल्युमिनियमच्या. वीज सोडली की लोखंड विरघळतं आणि त्याचं हायड्रॉक्साइड बनतं, आधी हिरवट, मग काळपट, हवा लागली की तांबूस. बोअरच्या पाण्यात क्षार असतात, म्हणून वीज भरपूर वाहते आणि गाळ भराभर तयार होतो. त्याच्या ग्लासात आरओचं, म्हणजे जवळजवळ क्षारविरहित पाणी असतं. त्यातून वीज वाहतच नाही, म्हणून तिथे काही होत नाही. त्याच्या ग्लासात चिमूटभर मीठ टाका आणि परत बटण दाबायला सांगा, तेही तसंच काळं होईल. मीठ विष नाही हे तुमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

ज्या घरांनी पैसे दिले त्यांना हे नक्की सांगा. भीती दाखवून पाणी विकणं मला फार लागतं. लोक आपल्या मुलांसाठी घाबरतात आणि त्याच भीतीचा व्यापार होतो.

---

नाना_हिंगणेवाले

हाव ताई, मीठ टाकून पाहतो. त्याले परत बोलावलंच आहे रविवारी.

---

काळा_गाळ

मी याच विषयावर पीएचडी करतोय, शहरातल्याच एका संस्थेत. परीक्षानळी मॅडमनी लिहिलेलं बरोबर आहे. कण बनवताना प्रत्यक्ष काय दिसतं ते सांगतो, म्हणजे नळकांड्यात ते टिकतील का याचा अंदाज तुमचा तुम्हाला येईल.

तीन तोंडांचा फ्लास्क. मधल्या तोंडातून ढवळणी, एकातून नायट्रोजन, तिसऱ्यातून थेंब. आत फेरिक क्लोराइडचं द्रावण, पिवळं-नारिंगी. त्यात सोडियम बोरोहायड्राइडचं द्रावण थेंब थेंब सोडायचं. पहिल्या थेंबाला जिथे तो पडतो तिथे काळा डाग उठतो आणि हायड्रोजनचे बुडबुडे फुटतात. मग सगळा फ्लास्क शाईसारखा काळा. बाहेरून चुंबक लावला की काळं सगळं काचेच्या त्या बाजूला सरकतं आणि मध्ये स्वच्छ पाणी दिसतं. गाळून घ्यायचं, बोरॉन जाईपर्यंत धुवायचं, शेवटी इथेनॉलने. इथेच जपावं लागतं. पूर्ण कोरडी झालेली पूड हवेत उघडली तर ती आपोआप तापते, कडेने लाल ठिणगी धावते आणि काळ्याची तांबडी पूड होते. म्हणून आम्ही ती इथेनॉलमध्ये किंवा नायट्रोजनखाली ठेवतो. बाजारातले तयार कण एकतर पाण्यातल्या गाळाच्या रूपात येतात, नाहीतर वर ऑक्साइडचं मुद्दाम पातळ कवच चढवून कोरडे येतात.

दुसरी अडचण, हे कण चुंबकीय असल्यामुळे एकमेकांना चिकटतात. काही मिनिटांतच गोळे होतात आणि पृष्ठभागाचा फायदा निघून जातो. म्हणून वर कार्बोक्सिमिथाइल सेल्युलोज किंवा ग्वार गम अशा डिंकासारख्या पदार्थाचा थर चढवतात, म्हणजे कण सुटे राहतात. तेही केलं तरी जमिनीत हे कण बहुधा काही मीटरच जातात.

आता ज्या पत्रकात ‘नॅनो आयर्न’ लिहिलंय त्यात कार्ट्रिज महिनोन्‌महिने दुकानाच्या फळीवर पडून असणार. उघडून बघा, आत काळं आहे की तांबडं. तांबडं असेल तर तो गंज आहे. गंजही कामाचा असतो, पण वेगळ्या कामाचा.

---

सीताबर्डी_एक्सप्रेस

संत्र्याच्या सालांपासून लोहाचे नॅनोकण बनवतात असं वाचलं होतं. आपल्याकडे सालांना तोटा नाही. ते जास्त सुरक्षित नाही का? बोरोहायड्राइड वगैरे नको.

---

काळा_गाळ

कल्पना चांगली आहे आणि आमच्याकडेही लोक यावर काम करतात. चहाची पानं, डाळिंबाची सालं, संत्र्याची सालं यांतले पॉलिफिनॉल लोहाच्या क्षाराबरोबर मिसळले की द्रावण काळं पडतं. पण काळं पडलं म्हणजे धातूरूप लोखंड झालं असं नाही. चहात लोहाचा क्षार टाकला तरी शाई तयार होतेच. पुष्कळदा हाती येतं ते लोह आणि पॉलिफिनॉलचं संयुग किंवा ऑक्साइड. त्याने क्रोमियम कमी होतं, कारण पॉलिफिनॉल स्वतःच इलेक्ट्रॉन देतो. उपयोग आहे. फक्त त्याला शून्य संयुजेचं, म्हणजे धातूरूप लोखंड म्हणण्याआधी क्ष-किरण विवर्तनाने तपासायला हवं. शिवाय साली उकळल्यावर पाण्यात साखर आणि सेंद्रिय पदार्थ उतरतात. पिण्याच्या पाण्यात ते गेले तर जंतूंना खाद्य मिळतं.

---

रविनगरची_नीता

मला वेगळी काळजी आहे. इतके बारीक कण पाण्यातून पोटात गेले तर? सगळे फायदे सांगताहेत, धोक्याचं कुणी बोलत नाही.

---

परीक्षानळी

नीता, बरं झालं विचारलंस. ब्रिटनच्या रॉयल सोसायटीने आणि रॉयल अकॅडमी ऑफ इंजिनिअरिंगने २००४ मध्ये नॅनोतंत्रावर मोठा अहवाल दिला. त्यात सुटे नॅनोकण पर्यावरण शुद्धीकरणासाठी जमिनीत-पाण्यात सोडू नयेत, आधी धोके समजून घ्यावेत, असं स्पष्ट म्हटलं होतं. अमेरिकेत आणि युरोपात त्याआधी आणि नंतरही प्रयोग झाले. युरोपीय संघाने २०१३ ते २०१७ या काळात नॅनोरेम नावाचा प्रकल्प चालवून हाच प्रश्न तपासला.

समजलं ते थोडक्यात असं. ताजे धातूरूप कण जिवाणूंना मारतात, पेशींत ऑक्सिजनची आक्रमक रूपं तयार करतात. काही दिवस-महिन्यांत ते गंजून साध्या लोह ऑक्साइडमध्ये जातात आणि धार कमी होते. जमिनीत फार लांब जात नाहीत हा वापराच्या दृष्टीने तोटा आहे, पण सुरक्षेच्या दृष्टीने आधार आहे. पिण्याच्या नळाच्या दोन फूट अलीकडे सुटे कण ठेवायला मात्र मी कधीच हो म्हणणार नाही. पाण्यात वापरायचेच तर ते वाळूवर, चिकणमातीवर किंवा एखाद्या पॉलिमरमध्ये घट्ट बांधलेले हवेत आणि पुढे त्यांना अडवणारा थर हवा.

---

भूजल_आणि_मी

मी खडकांचा माणूस, त्यामुळे रसायनशास्त्रात पडत नाही. पण परदेशातले जे प्रयोग वर आलेत ते बहुतेक वाळू-गाळाच्या जमिनीतले आहेत. नागपूर बसलंय दख्खनच्या बेसाल्टच्या पूर्व टोकावर. पश्चिमेला, म्हणजे हिंगणा, काटोल, कळमेश्वरकडे बेसाल्ट. पूर्वेकडे गेलात की जुने ग्नाइस आणि मधे कुठे गोंडवनाचे वालुकाश्म, जिथे कोळसा आहे. बेसाल्टमध्ये पाणी सगळीकडे सारखं नसतं. ते वरच्या कुजलेल्या थरात असतं आणि खाली भेगांमध्ये. शेजारच्या दोन प्लॉटवर बोअर मारा, एकाला धो धो लागतं, दुसरा कोरडा जातो, हे इथे सगळ्यांनी अनुभवलंय.

अशा खडकात नॅनोकणांचा गाळ सोडला तर तो सगळ्यात रुंद भेगेने पळून जाईल आणि ज्या बारीक भेगांत क्रोमियम मुरून बसलंय तिथे पोचणारच नाही. म्हणून आधी प्रवाहाची दिशा, भेगा, पाण्याची पातळी पावसाआधी आणि पावसानंतर, हे सगळं मोजावं लागतं. आपल्या भागात एलिझाबेथ सिटीसारखी भिंत घालायची झालीच तर ती कुजलेल्या वरच्या थरात, उतारावर, प्रदूषण आणि ओढा यांच्या मधे. तिथे दाणेदार लोखंड पुरेल, नॅनोची गरजही पडणार नाही.

फ्लोराइडचंही तसंच. यवतमाळ-चंद्रपूरकडे ते आलंय खडकातूनच. कारखाना शोधत बसू नका.

---

प्लेटिंगवाला

माझं एमआयडीसीत छोटं प्लेटिंगचं युनिट आहे, वडिलांपासून. क्रोमियमचं नाव निघालं की सगळे आमच्याकडे बघतात, म्हणून लिहितो.

आम्ही सांडपाण्यातलं हेक्झा काढतोच. पाणी आम्ल घालून पीएच दोन-तीनवर आणायचं, सोडियम मेटाबायसल्फाइट टाकायचं, पिवळं द्रावण हिरवट होतं. मग चुना घालून पीएच वर न्यायचं, हिरवट-राखाडी स्लज खाली बसतो. तो बुटीबोरीच्या घातक कचऱ्याच्या सोयीत पाठवायचा. स्वस्त आहे, माझा एक हेल्पर रोज करतो. मग नॅनोचा खर्च कशाला? आमच्यासारख्यांना एकाने तेही विकायचा प्रयत्न केला होता.

---

परीक्षानळी

@प्लेटिंगवाला, तुमचा प्रतिसाद या धाग्यातला सगळ्यात कामाचा आहे. अगदी बरोबर करताय, तेच करत राहा. टाकीत अडवलेल्या पाण्याला मेटाबायसल्फाइट आणि चुना यापुढे नॅनो लोखंडाची काहीच गरज नाही. लोहकणांची जागा तिथे आहे जिथे पाणी आधीच हातातून सुटलंय, जमिनीत उतरलंय, जिथे पीएच दोनवर आणणं शक्यच नाही. तमिळनाडूत रानीपेटला बंद पडलेल्या क्रोमेट कारखान्याचा सुमारे दीड लाख टन कचरा उघड्यावर पडून होता आणि त्याखालचं भूजल पिवळं झालं. तशा जागी हे तंत्र विचारात घेण्यासारखं आहे.

आणि एक विनंती. हिरवा रंग दिसला म्हणून थांबू नका, डायफिनाइलकार्बाझाइडची चाचणी करा. आम्ल घातलेल्या नमुन्यात त्याचे थेंब टाकले की हेक्झा शिल्लक असेल तर जांभळा-गुलाबी रंग चढतो. डोळ्याला बिनरंगी दिसणाऱ्या पाण्यातही चढतो. माझ्या विद्यार्थ्यांना मी हा रंग पहिल्याच आठवड्यात दाखवत असे. पाणी स्वच्छ दिसतं म्हणून स्वच्छ असतं, हा समज त्या एका परीक्षानळीत जातो.

---

प्लेटिंगवाला

करतो मॅडम. किट मिळतं का तयार?

---

परीक्षानळी

मिळतं. मर्यादा लक्षात ठेवा, पिण्याच्या पाण्यात एकूण क्रोमियम ०.०५ मिलिग्रॅम प्रतिलिटर. किट तेवढ्या खालपर्यंत वाचतं का ते बघून घ्या. सांडपाण्याच्या किटची मोजपट्टी बहुधा वरची असते.

---

मूळची_चौकीची

माझं माहेर छत्तीसगडमध्ये अंबागड चौकीकडे. कौडीकसा गावच्या आर्सेनिकचं नाव ऐकलं असेल. नागपूरला इलाजासाठी येणारे आमचे लोक मी लहानपणापासून पाहिलेत, हातापायाची कातडी जाड झालेली, काळे ठिपके. लोखंडाने आर्सेनिक निघतं का, हे मला मनापासून जाणून घ्यायचंय.

---

काळा_गाळ

ताई, निघतं. आणि इथे मी मघाशी म्हटलेला गंजच कामाला येतो. आर्सेनिक लोहाच्या हायड्रॉक्साइडला रासायनिक बंधाने पक्कं धरून बसतं. बांगलादेशचे अबुल हुसाम यांनी याच तत्त्वावर सोनो फिल्टर तयार केला. लोखंडाच्या किसाचा प्रक्रिया केलेला थर, वाळू, कोळसा, विटांचे तुकडे, दोन बादल्या एकावर एक. वीज नाही. २००७ मध्ये त्याला ग्रेंजर चॅलेंजचं दहा लाख डॉलरचं सुवर्ण पारितोषिक मिळालं. नेपाळच्या कंचन फिल्टरमध्ये तर चक्क लोखंडी खिळे घालतात.

आपल्या देशात आयआयटी मद्रासचे प्रा. टी. प्रदीप यांच्या गटाने लोहाच्या ऑक्सिहायड्रॉक्साइडचे, म्हणजे गंजाच्याच जातीचे नॅनोकण कायटोसानमध्ये, म्हणजे कोळंबीच्या कवचातून मिळणाऱ्या पदार्थात बांधून ‘अमृत’ नावाचं तंत्र केलं. कण सुटत नाहीत, दाणे हातात धरता येतात. अनेक राज्यांत ते गावपातळीवर लागलंय. मॅडम वर म्हणाल्या ना, नॅनोकण बांधलेले हवेत, त्याचं हे चांगलं उदाहरण. प्रदीप सरांना २०२० मध्ये पद्मश्री मिळाली.

राइस विद्यापीठाने २००६ मध्ये दाखवलं की १२ नॅनोमीटरचे मॅग्नेटाइटचे कण आर्सेनिक धरतात आणि साध्या कमी ताकदीच्या चुंबकानेही पाण्याबाहेर ओढता येतात. तेही वाचून ठेवा.

---

मूळची_चौकीची

धन्यवाद दादा. गावच्या लोकांपर्यंत पोचवते. वापरलेल्या लोखंडाचं पुढे काय करायचं? त्यात आर्सेनिक असणार ना.

---

परीक्षानळी

असणारच, आणि हा प्रश्न विक्रेते कधी घेत नाहीत. आर्सेनिक नष्ट होत नाही, ते फक्त पाण्यातून लोखंडावर जातं. तो माल उकिरड्यावर टाकला, चिखलात पडला, तिथली हवा तुटली की गंज पुन्हा विरघळतो आणि आर्सेनिक मोकळं होतं. म्हणून एकेका घराच्या फिल्टरपेक्षा गावाचा एक फिल्टर चांगला. माल बदलणारा माणूस ठरलेला असतो, वापरलेला माल एका जागी साठतो आणि मग घातक कचऱ्याच्या सोयीत नेता येतो.

---

कोराडी_मार्ग

आमच्याकडे वीजकेंद्रांच्या राखेचा प्रश्न आहे. जुलै २०२२ मध्ये खसाळ्याच्या राखतळ्याचा बांध फुटला तेव्हा राख शेतांत आणि नाल्यांत पसरली. राखेत जड धातू असतात म्हणतात. तिथे हे नॅनो लोखंड टाकून काही होईल का? कुणी सरकारला सुचवलं पाहिजे.

---

भूजल_आणि_मी

नदी-नाल्यात टाकून नाही होणार. वाहतं पाणी, भरपूर ऑक्सिजन, लोखंड काही तासांत गंजून वाहून जाईल. राखेतून बोरॉन, सेलेनियम, आर्सेनिक, असे बरेच घटक झिरपू शकतात. बोरॉनवर लोखंडाचा फारसा प्रभाव नाही. तिथे काम आहे ते तळ्याच्या तळाला अस्तर घालण्याचं, बांध तपासत राहण्याचं आणि राख सिमेंट-विटांत वापरून तळं रिकामं ठेवण्याचं. आणि आसपासच्या विहिरींचं पाणी दरवर्षी मोजून ते आकडे गावाला दाखवण्याचं. हे झाल्याशिवाय नॅनो म्हणणं म्हणजे मूळ सोडून पानं धुणं.

---

धरमपेठी

मग नायट्रेट आणि फ्लोराइडला करायचं काय, ते सांगा ना. नुसतं हे नको म्हणून भागत नाही.

---

परीक्षानळी

बरोबर आहे. फ्लोराइडसाठी ॲक्टिव्हेटेड ॲल्युमिना, म्हणजे फ्लोराइड धरून ठेवणारे ॲल्युमिनियम ऑक्साइडचे दाणे आहेत, आरओ आहे. आणि आपल्याच नेहरू मार्गावरच्या नीरीने (राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने) १९७० च्या दशकात विकसित केलेली नालगोंडा पद्धत आहे: तुरटी, चुना, ब्लीचिंग पावडर, ढवळणं, निवळणं, गाळणं. तुरटीचं प्रमाण पाण्याच्या क्षारतेनुसार ठरतं, अंदाजाने टाकायची नाही, नाहीतर पाण्यात ॲल्युमिनियम उरतं.

नायट्रेटला घरगुती पातळीवर आरओ किंवा आयन विनिमय, म्हणजे नायट्रेट धरून बदल्यात क्लोराइड सोडणारे दाणे. पण पिण्याचं आणि स्वयंपाकाचं पाणी दिवसाला वीस-पंचवीस लिटर असतं, तेवढंच शुद्ध करा, सगळी टाकी नाही. महापालिकेचं पेंच-कन्हानचं शुद्ध केलेलं पाणी मिळत असेल तर पिण्यासाठी तेच घ्या, बोअर बाकीच्या कामाला. आणि हे प्रत्येक आईला सांगा: सहा महिन्यांच्या आतल्या बाळाचं दूध बोअरच्या पाण्यात कालवू नका. नायट्रेट उकळून जात नाही, पाणी आटलं की उलट वाढतं. बाळाच्या रक्ताची ऑक्सिजन वाहण्याची ताकद त्याने कमी होते, ओठ-नखं निळसर पडतात.

---

नाना_हिंगणेवाले

ताई, रविवारी मीठ टाकलं. त्याचं पाणी आमच्यापेक्षा काळं झालं. काही न बोलता सामान उचलून गेला. ज्यांनी पैसे देले त्यांचे परत मागून राहिलो, दोघांचे मिळाले. आता आमच्या ले-आउटनं ठरवलं, सगळे मिळून वर्गणी काढून पाणी तपासायचं. कुठं द्यायचं, काय तपासाले सांगायचं, ते लिहून द्या.

---

परीक्षानळी

नाना, फार चांगलं केलंत. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची प्रयोगशाळा नागपुरात आहे, सार्वजनिक आरोग्याची आहे, खासगी मान्यताप्राप्तही आहेत. खासगीत दिलंत तर त्यांच्याकडे त्या त्या चाचणीची मान्यता आहे का, ते विचारा.

सगळ्या बोअरचं सगळं तपासायला खर्च येईल. नायट्रेट, फ्लोराइड, एकूण कडकपणा, टीडीएस आणि ई-कोलाय (मैल्यातले जंतू) हे प्रत्येक बोअरचं करा. एकूण क्रोमियम आणि हेक्झा, शिसं, कॅडमियम हे दोन-तीन बोअरचं पुरे, त्यातली एक एमआयडीसीच्या बाजूची आणि उतारावरची घ्या. टीडीएसच्या पेनाने टीडीएस सोडून यातलं काहीच कळत नाही, तो फक्त क्षार मोजतो.

नमुना घेताना पंप आधी काही मिनिटं चालवा, पाइपमधलं शिळं पाणी जाऊ द्या. टाकीच्या नळाचं नको, थेट बोअरचं घ्या. ई-कोलायसाठी बाटली प्रयोगशाळेचीच निर्जंतुक घ्यायची, आतून हात लावायचा नाही. धातूंच्या बाटलीत ते लोक नायट्रिक आम्ल घालून देतात, ती विसळू नका. हेक्झाव्हॅलंट क्रोमियमची बाटली वेगळी, तिच्यात आम्ल नको, बर्फात ठेवून त्याच दिवशी पोचवा. नायट्रेटचीही बर्फातच. प्रत्येक बाटलीवर प्लॉट नंबर, बोअरची खोली, तारीख आणि वेळ लिहा. उन्हाळ्यात एकदा आणि पावसाळा संपल्यावर एकदा, असं दोनदा करा, आकडे बदलतात.

अहवाल आले की इथे टाका, नावं-पत्ते झाकून. @भूजल_आणि_मी यांनी उतार आणि खोली बघून सांगावं, @काळा_गाळ ने धातूंचे आकडे बघावेत. हेक्झा सापडलंच तर तो नळकांड्याचा प्रश्न राहत नाही. मग सगळ्यांनी सही करून प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे अर्ज द्यायचा, आणि तो मसुदा मी लिहून देईन.